जाळण्याआधी मोजलेलं घर

शरयू चिंचोळकर माझी मैत्रीण, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे तिच्याबद्दल मी जे काही वाकडंतिकडं बोलेन, ते मैत्रीच्या हक्कानं बोलतेय हे लक्षात राहील. हट्टी बाई! अंगाने नुसती काडी, पण एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाहीच.

ती मूळची अमरावतीची. तिथल्या पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होती. "ड्राफ्ट्सवूमन गं," असं मी सुधारायला गेले तर ती म्हणायची, "सरकारच्या कागदावर मी पुरुषच होते, तू कशाला बदलतेस?" सरकारी विश्रामगृहं, शाळा, पोलीस चौक्या, सगळ्यांची मापं घेत फिरायची. लग्न उशिरा झालं. नवरा दिगंबरराव, फार्गोच्या विद्यापीठात गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करायचे. शांत माणूस. ती त्यांच्यामागून अमेरिकेत, नॉर्थ डकोटात आली आणि पहिले दोन हिवाळे खिडकीत बसून रडली. मी पुण्याची, तिच्याआधी तीन वर्षं आलेली, म्हणून मला वाटायचं की मी फार अनुभवी. मीच तिला थंडीचे बूट घ्यायला नेलं. लाल रंगाचे, आत लोकर असलेले, लहान मुलांच्या सेक्शनमधले, कारण बायकांच्या सेक्शनमध्ये तिच्या पायाचं मापच नव्हतं.

मग पंच्याऐंशी साल उजाडलं. तिकडे तेव्हा शेतकऱ्यांचे फार वाईट दिवस होते. बँकांनी जमिनी ओढल्या, माणसं शहरात गेली आणि त्या अफाट सपाट प्रेअरीवर शेतातली जुनी लाकडी घरं तशीच उभी राहिली. नॉर्वेहून, जर्मनीहून आलेल्या लोकांनी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बांधलेली घरं. दुमजली, पांढरा रंग उडालेली, भोवती वाऱ्याला अडवायला लावलेली झाडांची रांग आणि बाकी क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नाही. शेत विकत घेणाऱ्याला घर नको असे. मग तो गावच्या फायरवाल्यांना बोलवायचा. गावातले दुकानदार, मेकॅनिक हेच तिथले हौशी फायरमन. ते घरात पेंढा भरायचे, पेटवायचे आणि विझवायची प्रॅक्टिस करायचे. शेवटी जळून जाऊ द्यायचे. तिथल्या कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

फार्गोच्या उत्तरेला तासाभरावर एक छोटी हिस्टॉरिकल सोसायटी होती. त्यांना वाटलं, घरं वाचवता येत नाहीत तर निदान जाळण्याआधी त्यांची ड्रॉइंगं तरी करून ठेवावीत. शरयूला काम मिळालं. आता बाईसाहेबांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, म्हणून ड्रायव्हर मी. आमची जुनी स्टेशनवॅगन, हीटर चालू, मांडीवर विणकाम. ती आत टेप घेऊन मोजतेय आणि मी बाहेर बसून स्वेटर विणतेय, असा आमचा संसार.

आणि ती बाई प्रत्येक घराच्या दारात बूट काढायची! रिकामं घर. फुटक्या काचा, गंजलेले खिळे, पक्ष्यांची घाण. मी ओरडायचे, "अगं, धनुर्वात होईल! कोण बसलंय आत तुझे पाय बघायला?" तर म्हणायची, "लतिका, कुणाच्या घरात बूट घालून शिरायचं? मला नाही जमत." जाड मोजे घालून आत जायची. पोर्चवर ते लाल बूट नीट जोडीने ठेवलेले असायचे. मी कप्पाळावर हात मारून घ्यायचे.

हॉगनचं घर ऑक्टोबरात आलं. निल्स हॉगनने बांधलेलं. तो जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्याची बायको इंगा, ऐंशीच्या घरातली म्हातारी, एकटीच राहायची. उन्हाळ्यात जमीन गेली तेव्हा मुलाने तिला बिस्मार्कला आपल्याकडे नेलं, असं सोसायटीवाल्यांनी सांगितलं. घर शनिवारी जाळणार होते. आम्ही बुधवारी पोचलो.

दिवस कसला, नुसती राखाडी भुरभुर. वारा तर असा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लागत. शरयू आत गेली. मी विणत बसले. तासाभराने ती पोर्चवर आली आणि मला खुणावू लागली. काच खाली केली.

"लतिका, माझे बूट तू आत ठेवलेस का?"

"मी गाडीतून उतरलेय तरी का?"

"दाराच्या आत आहेत. चटईवर."

"मग तूच ठेवले असशील. वय झालं तुझं."

तिने बूट घातले आणि गाडीत येऊन बसली. घर दिसेनासं होईपर्यंत ती वळून वळून मागे बघत होती, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

गुरुवारी पुन्हा गेलो. पाऊस तसाच, पोर्चचं छप्पर गळत होतं. या वेळी मी मुद्दाम त्या बुटांवर लक्ष ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, टाके मोजताना मान खाली जातेच. एक ओळ पूर्ण केली आणि वर पाहिलं तर पोर्च रिकामा. दार बंद. दार उघडताना-मिटताना दिसलं नाही, ऐकू आलं नाही. मी हॉर्न दाबून धरला.

शरयूने दार उघडलं. "ये इकडे."

मी उंबऱ्यापर्यंतच गेले. आत पाऊल टाकलं नाही, मला माझा जीव प्यारा आहे. तिथून सरळ स्वयंपाकघर दिसायचं. लोखंडी शेगडी, तिच्या धुराड्यात पाखराने घरटं केलेलं, म्हणजे किती दिवसांत पेटली नसेल बघा. आणि शेगडीपुढे शरयूचे लाल बूट, टोकं शेगडीकडे करून, पाहुण्याचे ओले बूट वाळत ठेवावेत तसे.

"हात घाल," शरयू म्हणाली आणि एक बूट माझ्या हातात आणून दिला.

मी घातला. आत कोरडं होतं. कोरडं आणि ऊबदार. शपथ घेऊन सांगते, मी तो बूट टाकला आणि गाडीकडे पळाले.

शरयू मागोमाग येऊन गाडीत बसली. "भूत आहे," मी म्हटलं. "सरळ सरळ भूत आहे. तुझं ते ड्रॉइंग गेलं खड्ड्यात, मी इथे परत येणार नाही."

"भुताला काय करायचंय माझ्या बुटांशी?" शरयू म्हणाली. "आत कुणीतरी माणूस आहे, लतिका. कुणीतरी लपून राहतंय. बाहेर यायची भीती वाटतेय त्याला. आणि परवा हे लोक घर पेटवणार." तिने माझा दंड घट्ट धरला. "माणूस आत असताना पेटवणार."

त्या क्षणापासून तिला दुसरं काही सुचेना. सगळ्या खोल्या तिने आधीच पालथ्या घातल्या होत्या. माळा, कपाटं, जिन्याखालची पोकळी. कुणी नव्हतं. तरी गावात जाऊन तिने फायर चीफला गाठलं. मर्व्हिन नावाचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा भला दांडगा माणूस. तो म्हणाला, मॅडम, वाऱ्याने हलले असतील. वाऱ्याने! दार उघडून, बूट उचलून, शेगडीपुढे मांडून? पण बिचाऱ्याने माणूस पाठवला. तो पोर्चवर उभा राहून दोन हाका मारून आला. कुणी ओ दिली नाही, म्हणून घर रिकामं.

शुक्रवारी तिने बिस्मार्कला मुलाच्या घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, आई रविवारीच मावशीकडे मिनेसोटात गेलीय. मावशीचा फोन कुणी उचलेना. दिगंबरराव म्हणाले, "अगं, रॅकून असेल. ते मांजराएवढं जनावर वस्तू पळवतं." शरयूने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून बागेत गेले. बागेत तेव्हा बघण्यासारखं काहीही नव्हतं.

शनिवारी मी येणार नव्हते. सकाळी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. "कोठीची खोली मोजायची राहिलीय," म्हणाली. खोटं बोलताना ती नेहमी डोळे मोठे करते. मी किल्ल्या घेतल्या.

शनिवारी ऊन होतं, कडक निळं आकाश. तिकडच्या त्या उजेडाची मला पावसापेक्षा जास्त भीती वाटते. मैलोन् मैल सगळं लख्ख दिसतं आणि कुठेच कुणी नसतं. घरापुढे मात्र फायरचा ट्रक, दहा-बारा माणसं, थर्मासमधून कॉफी. खिडक्यांतून बैठकीच्या खोलीत पेंढा ढकलणं चाललं होतं. मर्व्हिन म्हणाला, पंधरा मिनिटं देतो. शरयूने पोर्चवर बूट काढले आणि आत गेली. मी गाडीजवळ उभी राहिले. लोक बुटांकडे बघून हसत होते. नंतर एकजण पाण्याचा पाईप ओढत आडवा गेला, दुसऱ्याने मला कॉफी देऊ केली, आणि मी परत बघते तर बूट नाहीत.

कुणी हलवले? तिथे इतकी माणसं होती. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, आम्ही नाही.

शरयू दारात आली. चेहरा पडलेला. तिला कुणी सापडलं नव्हतं. मर्व्हिन म्हणाला, "चला मॅडम, झालं." ती निघालीसुद्धा होती. मग तिने खाली पाहिलं.

"माझे बूट?"

शेगडीपुढे नव्हते. चटईवर नव्हते. मर्व्हिन म्हणाला, मी नवीन घेऊन देतो. एकजण म्हणाला, उचलून गाडीत नेतो तुम्हाला. आणि आमची बाई सरळ स्वयंपाकघरात परत गेली आणि उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. "माझे बूट मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. पेटवायचं तर पेटवा." इंग्रजीत म्हणाली हो! तिचं इंग्रजी असं एरवी कधी निघत नसे.

मर्व्हिन आकाशाकडे पाहून काहीतरी पुटपुटला आणि माणसांवर ओरडला, "जा रे, शोधा तिचे बूट." चार-पाच धिप्पाड माणसं, त्यांचे ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, धाड धाड करत घरात शिरली. सगळं घर दणाणलं.

आणि खालून ठोकल्याचा आवाज आला.

सगळे थिजले. पुन्हा ठक ठक, काचेने लाकडावर मारल्यासारखं. कोठीच्या खोलीतून. तिथे जमिनीवर मेणकापडासारखं लिनोलियम होतं आणि त्याच्या बरोबर मधे शरयूचे लाल बूट जोडीने ठेवलेले होते. मर्व्हिनने ते उचलून बाजूला ठेवले, लिनोलियमची कड खेचली, तर ते खालच्या झडपेलाच चिकटवलेलं होतं. झडप उघडली. खाली मातीचं तळघर. उभ्या शिडीच्या पायथ्याशी, बटाट्याच्या पोत्यांवर, रिकाम्या बरण्यांच्या मधे इंगा हॉगन पडलेली होती. हातात पीचची बरणी. जिवंत.

न राहवून मीही उंबरा ओलांडून आत धावले होते. मर्व्हिन रडत होता. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात धरून रडत होता आणि म्हणत होता, मी पेटवणार होतो, मी पेटवणार होतो.

मुलाला मावशीचं नाव सांगून ती मंगळवारी बसने परत आली होती, आपल्या घरी. आल्या आल्या खांद्यावरच्या पिशवीसकट बरणी आणायला उतरली आणि शिडीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डोक्यावरची झडप मिटली ती मिटलीच. बरण्यांतलं खाऊन, रस पिऊन जगली. अँब्युलन्स येईपर्यंत शरयू तिचा हात धरून होती.

"तुम्ही हाक का नाही मारली?" शरयूने विचारलं. "मी बुधवारी आले होते. गुरुवारी आले होते. इथे, तुमच्या डोक्यावर चालत होते."

म्हातारी तिच्या पायांकडे, त्या जाड मोज्यांकडे बघत राहिली. "ती तू होतीस?" म्हणाली. "मला वाटलं निल्स. तो घरात मोज्यांवरच चालतो. त्याला कशाला हाक मारू? तो आहेच म्हणून मी गप्प पडून राहिले. आज बूट ऐकले तेव्हा कळलं, माणसं आली."

शरयूचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्या त्या पाय न वाजवता चालण्यामुळे म्हातारी जळून मेली असती. तरी तिने विचारलंच, "मग माझे बूट आत कुणी ठेवले?"

"ओले बूट पोर्चवर राहिलेले त्याला खपत नाहीत," इंगा म्हणाली. इतक्या साधेपणाने म्हणाली, की क्षणभर मीसुद्धा मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं, की मंगळवारपासून या घरात चालू शकणारं कुणीच नव्हतं.

घर काही वाचलं नाही. शरयूने सोसायटीच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांनी हात वर केले. जमीनमालक भला माणूस, एक आठवडा थांबला. इकडे फार्गोच्या हॉस्पिटलात इंगाचं ऑपरेशन नीट झालं, पण तिने खाणं सोडलं. मुलगा उशाशी बसून विनवण्या करी. ती भिंतीकडे तोंड करून एकच विचारायची, "घर जाळणार आहेत हे निल्सला कुणी सांगितलं का?" मुलगा हळूच म्हणायचा, "आई, बाबा गेले." ती म्हणायची, "कुठे गेले? घरीच आहेत." डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर फार दिवस नाहीत.

शरयूने ते ऐकलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "एकीला बाहेर काढलं, लतिका. दुसरा आत आहे."

"शरयू, पुरे झालं हं आता!"

"आत कुणी असताना मी पेटवू देणार नाही. मग ते कुणी का असेना."

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा तिथे. मर्व्हिन आणि त्याची माणसं लांब ट्रकजवळ उभी होती. या वेळी कुणी हसत नव्हतं. शरयू काठापदराची साडी नेसली होती, वर पार्का, तो टोपीवाला जाड कोट. हातात स्टीलची वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "गणपती उठवताना काय करतो आपण?"

आपण गणपती बोळवतो तेव्हा त्याच्यावर अक्षता टाकतो आणि मूर्ती जागची किंचित हलवतो. एवढं केलं की देव जागेवरून मोकळा होतो, मग त्याला नेता येतं. ते तिने एका नॉर्वेजियन शेतकऱ्याला लावलं. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं?

मी उंबऱ्यात उभी. ती मोज्यांवर स्वयंपाकघरात गेली, त्या एकुलत्या खुर्चीवर अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि खुर्ची बोटभर हलवली. खुर्चीचे पाय कर्रकन वाजले. "निल्सकाका," ती मराठीतच म्हणाली, "आता इथे राहू नका. चला. इंगाबाई वाट बघताहेत. मी नेते तुम्हाला."

वारा पडला होता. प्रेअरीवर वारा पडत नाही, हे तिथे राहिलेल्याला विचारा. शरयू वळली आणि माझ्याकडे चालत आली. तिच्या पायाखाली फळ्या वाजत नव्हत्या, तेवढं तिचं वजनच नाही. तिच्या मागच्या वाजत होत्या. ती पुढे आली की मागची फळी वाजायची. एक, मग पुढची, मग त्यापुढची. उंबरा आला तसं मी अंग चोरून बाजूला झाले. माझ्या गालावरून गार हवा गेली आणि तिला गवताचा वास होता.

शरयूने गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाला बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ. गाडीचा मागचा भाग जरासा दबला. मग तिने दार हळूच लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"चल," म्हणाली.

"माझ्या गाडीत?" मी कशीबशी बोलले. "शरयू, माझ्या गाडीत?"

"चल गं, सावकाश चालव. त्यांना सवय नसेल."

आमच्या मागे त्यांनी घर पेटवलं. मी पाहिलं नाही. फार्गोपर्यंत मी आरशात एकदाही पाहिलं नाही. हायवेवर लेन बदलल्या त्या देवाच्या भरवशावर. शरयू मात्र वाटेत अधूनमधून मागे बघून काहीबाही सांगत होती, हे साखरेच्या बिटाचं गोदाम, ही नवीन शाळा.

हॉस्पिटलात इंगा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुलगा खुर्चीत पेंगत होता. शरयूने खोलीचं दार उघडलं, धरून ठेवलं, आणि मग आम्ही आत गेलो. इंगाने मान वळवली. तिने शरयूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या दोघींच्या मधे पाहिलं आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. उशीर केला म्हणून नवऱ्याला रागवावं, तशा आवाजात. मग मोडलेला खुबा, त्यातला लोखंडी खिळा, सगळं विसरून, पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून ती तसूतसूने सरकली आणि तिने शेजारी एका माणसापुरती जागा केली.